हौदातला चुना

जावई नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात होता आणि साचलेलं पाणी त्याच्या डोळ्यांत खुपायचं. कुणाच्याही घरी गेला की आधी कुंडीखालची बशी उचलून बघायचा आणि मग यजमानाकडे. गच्चीवरची टाकी, मोरीतलं पिंप, टाकून दिलेला टायर, त्याच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटायचं नाही. होणाऱ्या बायकोला तो पहिल्यांदा एका हॉटेलात भेटला. तिथेही बोलता बोलता त्याने टेबलावरची फुलदाणी उचलली, आत डोकावला आणि पाणी खिडकीतून ओतून टाकलं. खालून कुणीतरी ओरडलं. ती पोट धरून हसली आणि तिने तिथल्या तिथे होकार दिला. गल्लीत त्याला सगळे 'डासवाले' म्हणायचे आणि त्याला त्याचा अभिमानच वाटायचा.

अशा माणसाला सासूही त्याच जातकुळीची मिळावी, हा योगच म्हणायचा. फक्त सासूबाईंचा जीव अडकला होता भिंतींत. जुन्या इमारतींच्या बाहेरच्या भिंती दुरुस्त करायच्या, त्यांच्यावर चुन्याचा गिलावा चढवायचा आणि तो घोटून घोटून गुळगुळीत करायचा, हा त्यांचा उभ्या जन्माचा धंदा. रस्त्याने जाताना आपण ओळखीच्या माणसांशी बोलायला थांबतो, तशा त्या भिंतींपाशी थांबायच्या. एखाद्या भिंतीवर तळवा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हिला कुणी सिमेंट फासलं गं? श्वास कोंडलाय बिचारीचा." माणसांना त्या अहो-जाहो करायच्या, पण भिंतींशी मात्र अगंतुगं. लग्नानंतर तिघं बाजारात निघाली की जावई खाली गटारांकडे बघत चालायचा, सासूबाई वर छज्ज्यांकडे बघत चालायच्या, आणि दोघं कुठल्या गाडीखाली जाऊ नयेत म्हणून मध्ये चालणाऱ्या लेकीने दोघांचे हात धरलेले असायचे.

सासूबाईंचा हात भिंतीला पहिल्यांदा लागला तो नवऱ्यामुळे. सासरे गवंडी होते, पण नव्या घरांच्या वाटेला कधी गेले नाहीत. जुनं पडायला आलेलं उभं ठेवायचं, एवढंच त्यांना कळायचं. सुरुवातीला सासूबाई त्यांच्या हाताखाली डोक्यावर घमेली वाहायच्या. एकदा नवरा जेवायला बसला असताना त्यांनी गंमत म्हणून भिंतीचा एक तुकडा घोटून ठेवला. सासरे हात धुऊन आले, त्या तुकड्यावरून बोटं फिरवली आणि एवढंच म्हणाले, "हात स्थिर आहे तुझा." त्या दिवसापासून शेवटचा हात नेहमी बायकोचाच. पुढे कुणी ठेकेदार विचारायचा, हे घोटलंय कुणी, तेव्हा सासरे तोंडाने काही न बोलता गिलावा लावायच्या करणीचं टोक बायकोकडे वळवायचे. तेवढ्या कौतुकावर त्या बाईने जन्म काढला आणि कधी कमी पडलं म्हणून तक्रार केली नाही.

सासरे गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता या घरी बसणार. काही दिवस बसल्याही. मग एके सकाळी शेजारणीने त्यांना बांबूच्या परांचीवर चढताना पाहिलं, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. घोटाईचं काम असं आहे की भिंत ओली असेल तोवरच ते करायचं, आणि ओलीही अगदी नेमकी हवी. लवकर हात लावला तर चुना करणीला चिकटून येतो, उशीर झाला तर तो वाकायला तयार होत नाही. एकदा सुरुवात झाली की चहा नाही, गप्पा नाहीत, पाठ दुखली तर दुखू दे. भर उन्हात पाण्यात भिजवलेलं फडकं भिंतीवर टाकून सासूबाई वाट बघत उभ्या असायच्या, आणि तिची वेळ झाली हे त्यांना कसं कळायचं हे त्यांनाच ठाऊक. खरं तर अशा बाईच्या नावाने चौकात एखादी पाटी लागायला हवी. पाट्या लागतात त्या उद्घाटनाला कात्री धरणाऱ्यांच्या.

त्या वर्षी गावातल्या जुन्या पोस्ट ऑफिसचं काम निघालं. इमारत देखणी, दर्शनी भिंत अर्धगोल, वर रुंद छज्जा. पण कधीकाळी कुणीतरी मजबुतीच्या नावाखाली तिला सिमेंटचा जाड कोट घातला होता. चुन्याची भिंत आतली ओल बाहेर टाकत असते. सिमेंटने ती वाट बंद झाली आणि ओल आतल्या आत मुरत राहिली. भिंतीवर खाराचा पांढरा लोणा फुटला, पोपडे सुटले, आत टेबलांवर ठेवलेल्या पाकिटांना बुरशी यायला लागली आणि कारकून शिंकून शिंकून बेजार झाले. कामावर नेमलेली इंजिनीअर बाई वयाने लहान, पण तयारीची. तिने सगळं सिमेंट हलक्या हाताने काढून घेतलं आणि भट्टीच्या चांगल्या चुन्याचे खालचे थर देऊन घेतले. उरला शेवटचा थर, नखाएवढा पातळ. त्याला मात्र जुना चुना लागतो. कळीचा चुना पाण्यात विझवून, वर पाणी ठेवून वर्षानुवर्षं तसाच मुरू दिला की त्याचं लोणी होतं. नव्या चुन्याला बारीक बारीक तडे जातात. आणि असा मुरलेला चुना त्या गावात एकाच ठिकाणी होता, सासूबाईंच्या मागच्या अंगणातल्या हौदात. सासऱ्यांनी जाण्याच्या आदल्या वर्षी तो स्वतः विझवून ठेवला होता.

इंजिनीअर बाई पहिल्यांदा विचारायला आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बघू."

दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाल्या, "देते हो, देते. पळून चाललाय का तो?"

तेवढ्यात थोरल्या लेकीचं बाळंतपण आलं. खरं म्हणजे त्याला अजून बराच अवकाश होता, पण सासूबाई निघाल्या त्या निघाल्याच, आणि मदतीला म्हणून धाकट्या लेकीला, म्हणजे जावयाच्या बायकोलाही घेऊन गेल्या. घराची किल्ली जावयाच्या हातात दिली. "झाडांना पाणी घाला आणि दार नीट ओढून घ्या," एवढंच सांगितलं. हौद काठोकाठ भरून, पोती भिजवून निघाल्या होत्या, पण त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. हौदाला कुणी हात लावेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

जावयाने ते मागचं अंगण तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. जावईबापू आले की पुढच्या खोलीत खुर्ची, हातात कप, आणि वर पंखा. आता पहिल्याच रविवारी तो झाडांना पाणी घालायला मागे गेला आणि त्याला कोपऱ्यात फळ्यांनी झाकलेला, वर ओली पोती टाकलेला हौद दिसला. त्याने एक फळी सरकवली. आत पाणी! महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षं साचलेलं, वर पांढुरकी साय आलेली. स्वतःच्या सासूच्या घरात! उद्या कुणी बघितलं तर डासवाल्यांनी तोंड कुठे लपवायचं?

त्याने बाह्या सरसावल्या. बादलीने सगळं पाणी उपसलं, फळ्या भिंतीला टेकवल्या, पोती दोरीवर वाळत घातली. खाली पांढरा गाळ दिसला. आठवड्यामागून आठवडे ऊन खाऊन तो वाळू दे, मग त्यावर माती टाकून मोगरा लावू, असा त्याने बेत केला. सासूबाई आल्या की खूश होतील, या कल्पनेने त्याला दर रविवारी बरं वाटायचं. गाळाला भेगा पडत चालल्या तसतसं आणखी बरं वाटायचं.

सासूबाई आणि बायको परत आल्या त्या दिवशी तो दारात हसतमुखाने उभा होता. "आई, मागे या. तुमच्यासाठी एक गंमत आहे."

सासूबाईंनी पिशवीही खाली ठेवली नाही. मागच्या दारात पोचल्या आणि तिथेच थांबल्या.

"हौद कुणी उपसला?"

"मीच!" जावई म्हणाला. "केवढं पाणी साचलं होतं, आई. एवढी वर्षं तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, काय करून बसलात हे! तो बाबांचा चुना होता! पोस्टाचा चुना!"

मग तिने सगळं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज चढत गेला. पाण्याखाली होता म्हणून तो चुना जिवंत होता. हवा लागली की त्याचा दगड होतो, आणि एकदा दगड झाला की कितीही पाणी घाला, तो परत चुना होत नाही. जावयाचा चेहरा हौदातल्या गाळासारखा पांढरा पडला.

"पण अळ्या... डास..." तो कसाबसा म्हणाला.

"अळ्या दिसल्या तुम्हाला?" सासूबाईंनी विचारलं.

त्याने आठवून पाहिलं. एकही दिसली नव्हती. चुन्याच्या निवळीत कसली अळी जगतेय? आयुष्यभर अळ्या शोधलेला माणूस, त्या हौदात त्याला एकही सापडली नव्हती, आणि तरी हात थांबले नव्हते. रागावण्याचा पहिला हक्क खरं तर सासूबाईंचा. पण त्या हौदाच्या काठावर बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं, ते जावयाला तेव्हा कळलं नाही.

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हातोडी आणा."

वरचा थर त्यांनी स्वतः फोडला. तो वीतभर जाड झाला होता आणि ताटल्या फुटाव्यात तसा फुटत होता. जावई एकेक तुकडा उचलून बाजूला ठेवत होता, जणू काचेचं सामान. अर्ध्याहून जास्त हौद असा गेला. मग हातोडीचा आवाज बदलला. सासूबाईंनी कोपरापर्यंत तेल चोळलं, भेगेतून हात आत घातला आणि मूठभर चुना बाहेर काढला. मऊ, ओला, करणीवरून घसरणारा.

"खाली आहे," त्या म्हणाल्या. "थोडा आहे. पण आहे."

जावयाने नोकरीत लागल्यापासून पहिल्यांदा लांबलचक रजा टाकली. चुना काढायचा, चाळायचा, पिंपात भरायचा, वर पाणी घालायचं, असं तो करत राहिला. ज्या माणसाने सगळी उमर पिंपं उपडी करण्यात घालवली, तो आता दर थोड्या वेळाने पिंपातलं पाणी पुरेसं आहे ना हे बघत होता. बायको त्याच्याशी कामापुरतं बोलत होती, आणि कामापुरतं म्हणजे "सरका."

इंजिनीअर बाई आली तेव्हा जावई गुन्हेगारासारखा उभा राहिला. तिने पिंपं पाहिली, मनाशी हिशेब केला आणि शांतपणे म्हणाली, "मावशी, सगळ्या भिंतीला हे पुरणार नाही. बाकी आपण नव्या चुन्यात करू. थर आणखी पातळ देऊ, तुम्ही जास्त घोटाल. थोडे तडे जातील, ते नंतर बुजवता येतील. काम अडणार नाही. फक्त हा जुना चुना कुठे लावायचा ते तुम्ही ठरवा. माझ्या मते दाराभोवतीची कमान. सगळ्यांची नजर तिथेच जाते."

"हो आई," जावई घाईघाईने म्हणाला. "कमानीलाच लावा. बाबांचा हात सगळ्या गावाला दिसू दे. निदान तेवढं तरी."

सासूबाईंनी मान हलवली. "छज्ज्यावर लावायचा. छज्ज्याच्या वरच्या अंगाला."

"पण ते तर कुणालाच दिसत नाही," जावई म्हणाला. "खालून नाही, समोरून नाही. कबुतरांनाच काय ते दिसणार."

"जावईबापू, दाराशी माणसं थांबतात," सासूबाई म्हणाल्या. "वर पाणी थांबतं. ते तिथून आत उतरलं की खालची सगळी भिंत गेली, कमान गेली, सगळं गेलं. तुम्ही तरी हे मला विचारू नये."

पाणी थांबतं म्हणजे काय, हे त्या अंगणात त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? इंजिनीअर बाई हसली. "मी हेच म्हणणार होते," ती म्हणाली, "पण मला वाटलं, तुमचा जीव कमानीत असेल."

काम सुरू झालं. जावई परांचीवर चढला तो डोळे अर्धे मिटून, बांबूला मिठी मारून. पहिल्या दिवशी तर अर्ध्या वाटेत अडकून बसला आणि वरून सासूबाई आणि खालून पोस्टमन असे दोघं त्याला एकाच वेळी सूचना देत होते. पण एकदा वर पोचल्यावर त्याने जे पाहिलं, ते त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंचं वय परांचीवर कुठे जात होतं कोण जाणे. त्या छज्ज्यावर गुडघे टेकून पुढे सरकायच्या, चुना पसरायच्या, थांबायच्या, तळवा वर धरून हवा बघायच्या, आणि मग त्यांचा हात सुरू व्हायचा. गोल, आडवा, उभा, पुन्हा गोल. जिथे कुणाची नजर कधी पोचणार नव्हती, तिथे त्या असं घोटत होत्या की जणू सगळं गाव समोर खुर्च्या टाकून बसलंय. कडेला पाणी निथळायला हवा तेवढाच उतार, एक केसही इकडेतिकडे नाही. जावयाला आपल्या सासूचा फार अभिमान वाटला. तो नुसता घमेलं पुढे करत राहिला.

शेवटचं पिंप संपलं तेव्हा सासूबाईंनी ते विसळलं आणि ते पांढरं पाणीसुद्धा फेकलं नाही, हाताने छज्ज्यावर चोळलं. त्यावर ओली पोती टाकली. रजा संपली तरी पुढचे कित्येक दिवस जावई कामावरून सुटला की तडक पोस्टाकडे जायचा, वर चढायचा आणि पोती भिजवायचा. खाली दर्शनी भिंत नव्या चुन्यात पुरी होत आली होती. कमान बरी दिसत होती. जवळ जाऊन पाहिलं तर केसासारखे तडे होते, आणि सासूबाई त्यावर रोज पुन्हा पुन्हा हात फिरवत होत्या. जुना चुना असता तर ही दुप्पट मेहनत लागली नसती, हे जावयाला ठाऊक होतं, आणि ते आठवलं की तो वरची पोती आणखी एकदा भिजवून यायचा.

परांची उतरवायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दोघं शेवटचे वर गेले. सासूबाईंनी पोती बाजूला केली. छज्जा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा झाला होता.

"पाणी ओता," त्या म्हणाल्या.

त्याने बादली ओतली. पाणी छज्ज्यावरून पसरलं, कडेपर्यंत गेलं आणि खाली निथळलं. मग आपले डासवाले पोटावर आडवे झाले आणि गाल छज्ज्याला टेकवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठे थेंबभर तरी पाणी थांबलंय का ते शोधायला लागले. एवढी कसून तपासणी त्यांनी कुणाच्या टाकीची केली नसेल.

"कुठेच नाही, आई," उठून बसत तो म्हणाला. "एक थेंब नाही." आणि मग इतके दिवस धरून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं. "पण हे सगळं... सगळी भिंत अशी झाली असती. मी नसतो तर. मी बाबांचा चुना घालवला, आई. मला माफ करा."

सासूबाईंनी छज्ज्यावरून तळवा फिरवला.

"झाली नसती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भिंत. अशी झालीच नसती. मी देणारच नव्हते तो चुना."

जावयाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"त्या पोरीला कबूल केलं होतं खरं," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पण देववत नव्हतं हो. यांच्या हातचं तेवढंच राहिलं होतं माझ्याकडे. मी रोज सकाळी पाणी घालायचे त्याच्यावर. तो संपला की मग मी सकाळी उठून काय करू? म्हणून बाळंतपणाच्या नावाने लवकर निघून गेले. आणि परत येताना गाडीत ठरवून आले होते, तिला सांगायचं, हौदाला तडा गेला, पाणी निघून गेलं, चुना वाया गेला. असं खोटं मी जन्मात बोलले नव्हते. तयारी करून आले, आणि मागच्या दारात पोचले तर खरंच गेलेला." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तेव्हा तो उरलेला हातात घेतला ना, तेव्हा कळलं. भिंतीवर गेला तर राहील. माझ्याकडे राहिला तर असाच जाणार. यांना काय तोंड दाखवलं असतं मी?"

जावयाने त्यांच्या हाताला हात लावला. चुन्याने तो खरखरीत झाला होता.

"हे तुमच्या बायकोला सांगू नका," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या लेखी मी तशी नाही. वाटू दे तिला तसंच."

"नाही सांगणार," तो म्हणाला.

आणि त्याने शब्द पाळला. पोस्ट ऑफिस पुन्हा सुरू झालं, लोक कमानीखालून आत-बाहेर करायला लागले, पाकिटांना बुरशी येईनाशी झाली. बायकोचा राग यथावकाश उतरला आणि त्याची एक गोष्ट झाली. पाहुणे आले की ती अजूनही ती रंगवून सांगते. आपल्या नवऱ्याने बाबांचा चुना गाळ समजून कसा उन्हात वाळवला, त्यावर मोगरा कसा लावणार होता, आणि आईने जावयाला एका शब्दाने कसं दुखावलं नाही. पाहुणे खो खो हसतात. जावईही हसतो, कान पकडतो, मधेच मोगऱ्याबद्दल एखादी भर घालतो. सासूबाई मात्र ती गोष्ट सुरू झाली की उठतात आणि गोष्ट संपेपर्यंत आत जाऊन बसतात.